‘गुगलवर एक नंबरला आणून देतो’ : एसईओवाल्याने क्लायंटला काय सांगायलाच हवं?

गुगल मॅप्सवर दुकानाचं नाव टाकलं की थोड्याच दिवसांत असा एखादा फोन येतो : “सर, तुमचं लिस्टिंग नीट दिसत नाहीये. आम्ही तुम्हाला पहिल्या नंबरला आणून देतो. रिझल्टची पूर्ण गॅरंटी.” पुण्यातलं शोरूम असो की परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाणा गावातलं किराणा दुकान, वाक्यं साधारण हीच असतात.

दुकानदार पैसे भरतो. पुढचे सहा महिने रंगीत आलेखांचे रिपोर्ट येत राहतात, पण गिऱ्हाईक वाढत नाही. मग काम थांबवायचं ठरवलं की कळतं, वेबसाइटचं नाव एजन्सीच्या नावावर नोंदलेलं आहे आणि गुगलच्या खात्याचा पासवर्डही त्यांच्याकडेच आहे.

या धंद्यात प्रामाणिकपणे काम करणारेही पुष्कळ आहेत. अडचण अशी की पैसे देणाऱ्याला काम डोळ्यांनी दिसत नाही. भिंत रंगवली तर रंग दिसतो, एसईओ केलं तर नेमकं काय केलं ते करणाऱ्यालाच माहीत. म्हणूनच इथे पारदर्शकता कळीची ठरते. ती नेमकी कशात असते, कायदा काय सांगतो आणि पैसे देण्याआधी काय विचारायचं, ते पाहू.

थोडक्यात सांगायचं तर :

- गुगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलच सांगतं.
- गुगल मॅप्सवर धंद्याची नोंदणी मोफत आहे.
- डोमेन, प्रोफाइल आणि पासवर्ड क्लायंटच्या नावावरच असायला हवेत.
- विकत घेतलेले खोटे रिव्ह्यू हे मार्केटिंग नव्हे, ग्राहकांची फसवणूक आहे.
- खरा पण वाईट रिव्ह्यू ‘पैसे देऊन हटवण्याचा’ सरळ मार्ग नसतो.

एसईओ आणि ओआरएम म्हणजे काय?

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. लोक गुगलसारख्या ठिकाणी काही शोधतात तेव्हा तुमची वेबसाइट किंवा दुकान त्यांना लवकर सापडावं यासाठी केलेली कामं. वेबसाइट वेगाने उघडणं, मोबाइलवर नीट दिसणं, लोकांच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यावर असणं, पत्ता-फोन-वेळ बरोबर असणं, हे सगळं त्यात येतं.

ओआरएम म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट, अर्थात इंटरनेटवरची प्रतिमा सांभाळणं. तुमचं नाव शोधल्यावर काय दिसतं, रिव्ह्यूंमध्ये लोक काय म्हणतात, तक्रारीला उत्तर दिलं जातं का, हे पाहण्याचं काम.

दोन्ही कामं वैध आहेत आणि उपयोगाचीही आहेत. गोंधळ सुरू होतो तो आश्वासनं आणि पद्धती यांवरून.

या लेखात ‘क्लायंट’ म्हणजे एजन्सीला पैसे देणारा दुकानदार, डॉक्टर, संस्था किंवा पुढारी. ‘गिऱ्हाईक’ म्हणजे त्या दुकानात येणारा माणूस. हा फरक लक्षात ठेवा, कारण एजन्सीने क्लायंटशी प्रामाणिक राहून गिऱ्हाइकाला फसवलं, तरी ती फसवणूकच असते.

पहिल्या नंबरची गॅरंटी का देता येत नाही?

पहिलं कारण, रँकिंग ठरवतं गुगल, एजन्सी नाही. एसईओवाला निवडताना काय पाहावं याबद्दल गुगलने स्वतः मार्गदर्शन दिलेलं आहे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यांपासून आणि ‘आमचे गुगलशी खास संबंध आहेत’ असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरं कारण, ‘पहिला नंबर’ सगळ्यांसाठी एकच नसतो. जागा, भाषा आणि नेमके शब्द यांनुसार निकाल बदलतात. ‘जवळचं मेडिकल’ असं चारठाण्यात शोधलं तर एक यादी येईल आणि जिंतूरच्या बसस्टँडवर शोधलं तर दुसरी. मॅप्सवरचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : शोधाशी जुळणी, अंतर आणि ते ठिकाण किती परिचित आहे हे. यातलं अंतर कुठल्याही एजन्सीला कमी करता येत नाही. पैसे देऊन हा क्रम वर नेण्याची सोय नाही, असंही गुगल सांगतं.

तिसरं कारण, वेळ लागतो. एसईओचे बदल करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष जातं, असं गुगलच्याच प्रतिनिधीने २०१७ मध्ये सांगितलं होतं. ‘पंधरा दिवसांत रिझल्ट’ म्हणणारा एकतर जाहिरात चालवणार असतो किंवा काहीतरी लपवत असतो.

जाहिरातीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गुगलवर पैसे देऊन जाहिरात वर दाखवता येते, पण तिच्यावर ती प्रायोजित असल्याचं लिहिलेलं असतं आणि पैसे संपले की ती गायब होते. काही जण जाहिरात चालवतात आणि तिलाच ‘एसईओचा रिझल्ट’ म्हणून दाखवतात. एकूण पैशांतले जाहिरातीसाठी गुगलला किती गेले आणि एजन्सीची फी किती, हे बिलावर वेगवेगळं असायला हवं.

हल्ली ‘एआयच्या उत्तरांत तुमचं नाव आणून देतो’ अशीही ऑफर येते. तिथेही हाच नियम लावा. प्रयत्न करता येतात, हमी देता येत नाही.

‘तुम्हाला याची गरज नाही’ हेही सांगावं लागतं

समजा, चारठाण्यात एकाचं कृषी सेवा केंद्र आहे. तो एसईओवाल्याला म्हणतो, “सोयाबीन बियाणं असं शोधलं की माझंच दुकान पहिलं आलं पाहिजे.”

लबाड माणूस लगेच हो म्हणेल आणि वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारेल.

प्रामाणिक माणूस आधी विचारेल, तुमचं गिऱ्हाईक येतं कुठून? उत्तर असेल, गावातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून. मग राज्यभरातल्या लोकांनी ‘सोयाबीन बियाणं’ शोधून तुमचं दुकान पाहिल्याचा फायदा काय? नांदेडचा किंवा लातूरचा शेतकरी पिशवी घ्यायला इथवर येणार नाही. गावातल्या माणसाला तर दुकान आधीच माहीत आहे.

या दुकानाला लागतं ते थोडंच. मॅप्सवर पिन बरोबर जागी हवी, चालू असलेला फोन नंबर हवा, उघडण्या-बंद होण्याची खरी वेळ हवी, दुकानाचे दोन-चार स्वच्छ फोटो हवेत. नाव देवनागरीत नीट लिहिलेलं हवं, कारण चारठाणा हे नाव रोमन लिपीत टाइप करताना प्रत्येक जण एकच स्पेलिंग लिहील असं नाही. पेरणीच्या हंगामात कोणतं वाण आलंय हे व्हॉट्सॲपवर कळवलं तर आणखी चांगलं. हे एका-दोन दिवसांचं काम आहे. त्यासाठी दर महिन्याला पैसे घ्यायचे असतील, तर दर महिन्याला नेमकं काय करणार हे सांगता आलं पाहिजे.

पारदर्शकतेची खरी परीक्षा इथेच होते. क्लायंटला सगळे हिशेब दाखवणं ही एक गोष्ट. ‘या कामाचा तुम्हाला उपयोग नाही’ असं सांगून स्वतःचं बिल कमी करणं ही त्याहून अवघड गोष्ट आहे.

क्लायंटला काय काय सांगायला हवं?

काम सुरू होण्याआधी आणि काम चालू असताना या गोष्टी क्लायंटला माहीत असल्याच पाहिजेत :

पद्धत. वेबसाइटवर काय बदलणार, मजकूर कोण लिहिणार, एआयने लिहिणार असाल तर तपासणार कोण. ‘ते आमचं सिक्रेट आहे’ हे उत्तर चालत नाही. शिक्षा झाली तर ती क्लायंटच्या वेबसाइटला होते, त्यामुळे पद्धत जाणून घेण्याचा हक्कही त्याचाच.

धोका. दुसऱ्या वेबसाइटवरून पैसे देऊन लिंक घेणं, एआयने शेकड्यांनी निरुपयोगी पानं तयार करणं, जुनं बंद पडलेलं डोमेन विकत घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकणं, हे सगळं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. मार्च २०२४ मध्ये गुगलने हे नियम आणखी कडक केले.

काम करणारे हात. काम एजन्सीच करणार की पुढे कुणा फ्रीलान्सरला देणार?

हितसंबंध. त्याच गावातल्या, त्याच धंद्यातल्या दुसऱ्या क्लायंटचंही काम ही एजन्सी करते का? एकाच बाजारपेठेतल्या दोन दुकानांना एकाच वेळी ‘पहिला नंबर’ विकणाऱ्याने कुणाला तरी खोटं सांगितलेलं असतं.

वाईट बातमी. रँकिंग घसरलं, खातं निलंबित झालं, प्रयोग फसला, तर ते एजन्सीने स्वतःहून आणि लगेच कळवायला हवं. क्लायंटला बाहेरून कळलं की विश्वास संपला.

जेव्हा क्लायंटच अंधारात असतो

‘काय करायचं ते करा, आम्हाला फक्त रिझल्ट हवा’ असं म्हणणारा क्लायंटही कमी जबाबदार नसतो. त्याची किंमत किती मोठी असते याची दोन जगप्रसिद्ध उदाहरणं आहेत.

फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गुगलने आपल्या निकालांतून काढून टाकली. गुगलला एक मजकूर आणि माणसांना दुसराच मजकूर दिसेल अशी पानं त्या वेबसाइटवर केलेली होती. ती काढल्यानंतर वेबसाइट परत घेतली गेली, पण तोवर जगभर बातम्या झाल्या होत्या.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-साखळीचं. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक तपासणी छापली. कपडे, चादरी, गालिचे असं काहीही शोधलं तरी ही कंपनी वर कशी येते? उत्तर निघालं, काही संबंध नसलेल्या असंख्य वेबसाइटवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. गुगलने कारवाई केली. एका प्रकारच्या प्रवासी बॅगच्या शोधात जी कंपनी पहिल्या क्रमांकावर होती, ती दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. या लिंकना आपण परवानगी दिली नव्हती, असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसईओ फर्मला काढून टाकलं.

फर्म गेली, पण घसरण कंपनीच्या नावावर राहिली. मोठी कंपनी त्यातून सावरू शकते. ज्याचं निम्मं गिऱ्हाईक मॅप्स पाहून येतं अशा लहान लॉजचं किंवा क्लासचं प्रोफाइल निलंबित झालं, तर त्याचा हंगामच हातचा जातो.

खातं कोणाच्या नावावर आहे?

छोट्या व्यावसायिकांचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं ते इथे. चार गोष्टी तपासा.

डोमेन : वेबसाइटचं नाव, उदाहरणार्थ शेवटी ‘डॉट इन’ असलेलं, हे ठरावीक मुदतीसाठी नोंदवावं लागतं. नोंदणीत मालक म्हणून तुमचं नाव, तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल असायला हवा. एजन्सीच्या नावावर असेल तर कागदोपत्री मालक ती आहे.

गुगल बिझनेस प्रोफाइल : यात ‘मालक’ आणि ‘व्यवस्थापक’ अशा वेगवेगळ्या भूमिका असतात. तुम्ही मुख्य मालक राहा आणि एजन्सीला व्यवस्थापक करा. काम संपलं की दोन मिनिटांत काढता येतं. दुसऱ्यांची प्रोफाइल सांभाळणाऱ्या एजन्सींसाठी गुगलचे वेगळे नियम आहेत. आपण गुगल आहोत असं भासवायचं नाही, रँकिंगची हमी द्यायची नाही, फी स्पष्ट सांगायची आणि क्लायंटच्या संमतीशिवाय प्रोफाइल ताब्यात घ्यायचं नाही.

सर्च कन्सोल : तुमची वेबसाइट गुगलला कशी दिसते, कोणते शब्द शोधून लोक येतात, गुगलने काही दंडात्मक कारवाई केली आहे का, हे दाखवणारं गुगलचं मोफत साधन. याचा प्रवेश तुमच्याकडे असेल तर एजन्सीचा रिपोर्ट खरा की खोटा, हे तुम्हीच पडताळू शकता.

होस्टिंग आणि सोशल मीडिया : फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामलाही हाच नियम. मूळ ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा.

‘तुम्हाला कळणार नाही, आमच्याकडेच राहू द्या’ असं कुणी म्हणालं तर समजून घ्या. शेताचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्टमध्ये खोटा आकडा असतोच असं नाही. खरा आकडाही दिशाभूल करू शकतो.

एक नेहमीची युक्ती म्हणजे तुमच्या दुकानाचं पूर्ण नाव आणि गाव टाकून शोधायचं आणि ‘पाहा, पहिला नंबर’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवायचा. त्या नावाचं दुकान एकच असेल तर ते पहिलं येणारच. त्यात कसलंही कौशल्य नाही.

दुसरी युक्ती व्ह्यूजची. चारठाणा जुन्या मंदिरांसाठी आणि कोरीव स्तंभासाठी ओळखलं जातं. एखाद्या हॉटेलच्या पेजवर या मंदिरांचे सुंदर फोटो टाकले तर व्ह्यूज भरपूर येतील. रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसेल. पण लोकांनी पाहिलं ते मंदिर, हॉटेल नाही. जेवायला किती जण आले हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या करा. किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि किती जणांनी फोन केला किंवा रस्ता विचारला. लहान धंद्यासाठी तिसरा आकडा खरा. काम सुरू होण्याआधीचे आकडे लिहून ठेवले असतील तरच तुलना होते. दिवाळीत वाढलेली विक्री एसईओच्या खात्यावर टाकायची नाही, हेही रिपोर्ट लिहिणाऱ्याने स्वतःच सांगायला हवं.

खोटे रिव्ह्यू : दही विकणारा तपास अधिकारी

‘५० फाइव्ह-स्टार रिव्ह्यू, एवढ्या पैशांत’ अशा जाहिराती सोशल मीडियावर तुम्हीही पाहिल्या असतील. या धंद्याचा एक गाजलेला तपास न्यूयॉर्कमध्ये झाला. तिथल्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातल्या लोकांनी ब्रुकलिनमध्ये आपलं योगर्टचं, म्हणजे दह्याचं दुकान असल्याची बतावणी केली. ‘वाईट रिव्ह्यूंमुळे त्रास होतोय, काहीतरी करा’ असं सांगत त्यांनी एसईओ कंपन्यांना फोन लावले. काही कंपन्यांनी थेट खोटे रिव्ह्यू लिहून देण्याची तयारी दाखवली. बांगलादेश, फिलिपिन्स, पूर्व युरोप इथल्या लोकांकडून एक ते दहा डॉलरला एक या भावाने रिव्ह्यू लिहून घेतले जात होते. सप्टेंबर २०१३ मध्ये १९ कंपन्यांनी ही पद्धत बंद करण्याचं मान्य केलं आणि एकूण साडेतीन लाख डॉलरहून जास्त दंड भरला. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर देशभर बंदी घालणारा नियम केला.

भारतात काय आहे?

- ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे.
- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा केल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो.
- भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे आणि प्रसिद्ध करायचे हे त्यात आहे. हे मानक ऐच्छिक आहे.
- पैसे किंवा भेटवस्तू घेऊन सोशल मीडियावर शिफारस केली तर ते स्पष्ट सांगावं लागतं. इन्फ्लुएन्सरसाठीची अशी मार्गदर्शिका केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढली.

गुगलच्या नियमांतही पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देऊन रिव्ह्यू घ्यायला बंदी आहे. खूश गिऱ्हाइकाला ‘रिव्ह्यू द्या’ म्हणणं चालतं. ‘फाइव्ह स्टार दिलात तर दहा टक्के सूट’ हे चालत नाही.

याची एक बाजू थेट तुमच्या-आमच्याशी जोडलेली आहे. ‘घरबसल्या हॉटेलांना रिव्ह्यू द्या, पैसे कमवा’ असे मेसेज व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर येतात. सुरुवातीला थोडे पैसे खरंच खात्यात येतात. मग ‘मोठ्या टास्क’साठी तुम्हालाच पैसे भरायला सांगतात आणि ते बुडतात. महाराष्ट्रात या ‘टास्क फ्रॉड’मध्ये अनेकांनी लाखो रुपये गमावले आहेत. खोट्या रिव्ह्यूचा बाजार आहे म्हणूनच हे आमिष खरं वाटतं.

मुंबईतलं फॉलोअर्स प्रकरण

प्रतिमा विकत घेण्याचा आपल्याकडचा सर्वांत चर्चेतला तपास मुंबईत झाला. एका पार्श्वगायिकेच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खातं असल्याच्या तक्रारीवरून जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका तरुणाला अटक केली. त्यातून बनावट फॉलोअर्स, लाइक्स आणि व्ह्यूज विकणाऱ्या वेबसाइटचं जाळं असल्याचं पोलिसांनी सांगितलं. मनोरंजन क्षेत्रातल्या काही नावाजलेल्या लोकांकडेही चौकशी झाली.

त्याआधी नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘कोब्रापोस्ट’ या संकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने केलेली पाहणी प्रसिद्ध केली होती. राजकीय नेत्यांना बनावट फॉलोअर्स देणं आणि विरोधकांची ऑनलाइन बदनामी करणं, अशी कामं घ्यायला काही कंपन्या तयार असल्याचं तिने दाखवलं होतं.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच. आकडा खोटा असेल तर फसतो कोण? फॉलोअर्स पाहून जाहिरात देणारी कंपनी फसते, गर्दी पाहून मत बनवणारा मतदार फसतो आणि ‘खरे लोक आणून देतो’ यावर विश्वास ठेवणारा क्लायंटही फसतो.

वाईट रिव्ह्यू हटवता येतो का?

कधी कधी. रिव्ह्यूमध्ये शिवीगाळ, धमकी, खासगी माहिती असेल किंवा तो प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम टाकलेला असेल, तर तो नियमभंग म्हणून कळवता येतो. निर्णय मात्र गुगल किंवा त्या-त्या प्लॅटफॉर्मचा असतो. ‘आमची आत ओळख आहे’ हे वाक्य ऐकलं की उठून निघा.

कायद्याचा रस्ताही आहे. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी दिलेल्या निकालानुसार, मजकूर हटवण्याचं कायदेशीर बंधन प्लॅटफॉर्मवर येतं ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावर. केवळ कुणाचा फोन आला म्हणून नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे दाद मागता येते. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. पण सार्वजनिक हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट त्याला अपवाद आहे. ‘जेवण थंड होतं’ हा खरा अनुभव लिहिणाऱ्याला नोटिशीची भीती घालणं हे ओआरएम नव्हे, दमदाटी आहे.

मजकूर गायब करण्याचा धंदा किती पुढे जाऊ शकतो हे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसलं. ‘फॉरबिडन स्टोरीज’ या पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एलिमिनालिया या स्पॅनिश कंपनीबद्दल माहिती उघड केली. क्लायंटविषयीच्या नकोशा बातम्या हटवण्यासाठी कॉपीराइटच्या खोट्या तक्रारींसारखे मार्ग वापरले गेले होते. आणि मग ज्यांना नाव लपवायचं होतं, त्यांतल्या अनेकांची नावंच त्या बातम्यांत आली.

मग वाईट रिव्ह्यूचं करायचं काय? शांतपणे, नाव घेऊन, मुद्द्याला धरून उत्तर द्यायचं. चूक असेल तर मान्य करायची, दुरुस्त केली असेल तर तसं लिहायचं. पुढचं गिऱ्हाईक तक्रारीइतकंच तुमचं उत्तरही वाचतं. चांगला ओआरएमवाला क्लायंटला हेही सांगतो की एकाच गोष्टीच्या दहा तक्रारी असतील तर दुरुस्ती दुकानात करायची आहे, गुगलवर नाही.

‘विकिपीडियावर पान करून देतो’

ही आणखी एक लोकप्रिय ऑफर. विकिपीडियावर लेख लिहिण्यासाठी पैसे घेतले असतील तर ते जाहीर करणं जून २०१४ पासून विकिमीडियाच्या अटींनुसार बंधनकारक आहे. शिवाय विषयाची दखल स्वतंत्र, विश्वासार्ह माध्यमांनी घेतलेली असावी लागते.

२०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. ‘ऑरेंजमूडी’ नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. ही टोळी ज्यांचे लेख नाकारले गेले अशा लहान व्यावसायिकांना आणि कलाकारांना गाठायची, पैसे घेऊन लेख टाकायची आणि मग तो टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागायची. म्हणजे पान तर झालं, पण ते क्लायंटचं संरक्षण नव्हतं, खंडणीचं साधन होतं.

डॉक्टर आणि वकील : इथे वेगळे नियम

काही व्यवसायांत जाहिरातीवरच बंधन आहे. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारसंहिता नियम जाहिरातीतून रुग्ण मिळवायला मनाई करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या नियमांत तर लाइक्स-फॉलोअर्स विकत घेणं आणि शोधात नाव वर यावं म्हणून पैसे देणं या दोन्हींचा थेट उल्लेख होता. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, जुने लागू राहिले. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरातीतून काम मागता येत नाही.

एजन्सीला हे माहीत नसेल तर तिने काम घेऊ नये. माहीत असेल तर क्लायंटला आधी सांगावं, कारण कारवाई डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या नोंदणीवर होईल, एजन्सीवर नाही.

फसवणूक झाली तर?

आधी पुरावे जपा : बिलं, व्हॉट्सॲप चॅट, कॉलचा दिनांक, रिपोर्ट. त्यानंतर प्रकार पाहून पुढचं पाऊल टाका.

- पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील, टास्क फ्रॉड असेल, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.
- खोट्या रिव्ह्यूंना भुलून वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं.
- दुकानदार म्हणून एजन्सीविरुद्ध तक्रार असेल तर थोडी अडचण आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचं संरक्षण सहसा मिळत नाही. अशा वेळी लेखी करारच उपयोगी पडतो. म्हणून करार नसेल तर पैसे देऊ नका.
- प्रोफाइल किंवा डोमेन अडकवलं असेल तर आधी लेखी मागणी करा. गुगल प्रोफाइलच्या मालकीची मागणी गुगलच्याच पानावरून करता येते.

पैसे देण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

१. पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय काय करणार? लिहून द्याल का?
२. फी किती आणि जाहिरातीचा खर्च किती?
३. डोमेन, प्रोफाइल, सर्च कन्सोल माझ्या नावावर राहतील ना?
४. बाहेरून लिंक घेणार असाल तर कुठून आणि पैसे देऊन का?
५. रिव्ह्यू कसे मिळवणार?
६. माझ्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं काम करता का?
७. काम जमलं नाही हे कशावरून ठरवायचं?
८. मी थांबलो तर माझ्याकडे काय राहील?

जो यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, पाहून सांगतो’ असं म्हणेल, त्याच्यावर संशय घेऊ नका. आठही प्रश्नांना ‘काळजीच करू नका, गॅरंटी आहे’ एवढंच उत्तर देणाऱ्यापासून मात्र लांब राहा.